भिंतीअलीकडचं पाणी

हस्त लागला की मायला दिवसातून दोन-तीनदा फोन करायचा, ही माझी सवय. बोलणं ठरलेलं. "पाऊस हाये का?" "हाये." "किती?" "पडते तितका हाये बापा." तेवढ्यावर माझा दिवस निघतो. परवाच्या रविवारी सकाळपासून तिनं फोन उचलला नाही. रिंग जायची, थांबायची. बाहेर सातपुडा ढगात बुडालेला, अंगणात चिखल, आणि शेजारच्या घरातून भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या पोरी अजून उठल्याही नव्हत्या. मी पिशवीत एक साडी कोंबली आणि निघाले.

संग्रामपूरकडच्या ज्या खेड्यात मी शिकवते, तिथून आमच्या गावाला जायला एसटी बदलावी लागते. अर्धा दिवस जातो. खिडकीबाहेर सोयाबीन सोंगून पडलेलं होतं, काही ठिकाणी ढीग रचून सुड्या लागलेल्या, त्यांच्यावर निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या आणि ताडपत्र्यांवर दगड. हस्ताचा पाऊस वाईट वेळेला येतो. पीक रानात असतं आणि माणूस घरात बसून आभाळाकडं पाहत असतो. सोंगलेलं सोयाबीन भिजलं की शेंगेतच कोंब फुटतात, एक आंबूस, गरम वास सुटतो. बसमध्ये तो वास येत होता. मला तो वास पिकाचा वाटत नाही. मला तो आमच्या घराचा वाटतो, पाणी उतरल्यानंतरच्या घराचा.

आमचं तालुक्याचं गाव. नकाशात नदीला नाव आहे, गावात तिला नुसतं नदी म्हणतात. आणि नदीला धरून एक लांब रस्ता जातो. स्टँडपाशी सुरू होतो आणि स्मशानात संपतो. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला वस्ती. स्टँड सुटलं की कडब्याचा बाजार, मग सलीमभाईंचं गाद्यांचं दुकान, त्याला लागून आमची घरांची ओळ, ओळीच्या टोकाला विहार, पुढं महादेवाचा घाट, बंद पडलेली जिनिंग, दर्गा, आणि मग ते दगडी ओटे. बाजारातलं सगळं सांडपाणी आणणारा नाला आमच्या ओळीच्या पाठीमागून येतो आणि विहारापाशी रस्त्याखालून नदीत उतरतो. परक्या माणसाला इतकं सांगितलं की त्याला गाव कळतं. पण आमची गोष्ट कळायला रस्त्याची उंची सांगावी लागते.

माझ्या आजोबांच्या लहानपणी तिथं रस्ताच नव्हता. गाडवाट होती, तीही उन्हाळ्यापुरती. चाकं वाळूतून जायची, कारण नदी तेव्हा ऐसपैस होती आणि आपल्या मनानं इकडेतिकडे सरकायची. मग एका दुष्काळात रोजगार हमीचं काम निघालं. आजोबा आणि आजी दोघांनी खडी फोडली, टोपल्या वाहिल्या, काठावर भराव घातला आणि रस्ता झाला. काम संपलं तेव्हा मजुरांपैकी काहींनी रस्त्याच्या कडेलाच झोपड्या टाकल्या. पुढं त्या जागा त्यांच्या नावावर झाल्या. आमचं घर त्यातलं. तेव्हा रस्त्यावरून घरात जायला ओटा चढावा लागे. आजी त्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची, आणि रस्त्यावरचा माणूस मान वर करून तिला उत्तर द्यायचा.

नंतर मुरूम आला. मग डांबर. मग डांबरावर डांबर. जुना थर कोणी काढत नाही, नवा त्याच्यावर चढतो. दर निवडणुकीला रस्ता बोट-दोन बोटं वाढायचा, घरं होती तेवढीच राहायची. मी शाळेत जायला लागले तेव्हा ओटा आणि रस्ता सारखे झाले होते. कॉलेजात गेले तोवर घरातून रस्त्यावर यायला पायरी चढावी लागत होती. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. चांगला रस्ता कोणाला नको असतो? रस्ता रुंद करायला पलीकडून नदीत भराव टाकला, तेव्हा सगळी ओळ बाहेर येऊन रोलर बघत उभी होती. मीही होते.

भिंत मात्र आम्हीच मागितली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं लोक वेगळं सांगतात. नदीचं पाणी दर चार-पाच वर्षांनी घरात यायचं, घोट्याइतकं, आणि रात्रीतून निघून जायचं. बाबांना ते सहन व्हायचं नाही. ते एसटीत कंडक्टर. गर्दीला शिस्त लावायची सवय. त्यांनी ओळीतल्या लोकांना जमवलं, कचेरीसमोर उपोषणाला बसवलं, येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला हात धरून काठावर आणलं. शेजारचे शेषराव काका त्यांच्या बरोबर असायचे. काकांचं पलीकडच्या तीराला थोडं शेत, घर आमच्या भिंतीला भिंत. सलीमभाई दुकान बंद ठेवून उपोषणात बसायचे आणि बसायला गाद्या त्यांच्याच असायच्या. "भिंत झाली की मी मेलो तरी चालते," बाबा म्हणायचे. माय म्हणायची, "मराची घाई हाये काय?"

भिंत मंजूर झाली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द शिल्लक राहिला, "हाव." चहा देऊ का? हाव. दुखते का? हाव. झोपता का? हाव, आणि डोळे टक्क उघडे. नको असलं तरी हावच. डोळ्यांतून, हाताच्या हालचालीतून अर्थ काढायचा. मायला जमायचं, मला कधी जमायचं, कधी नाही. मी तेव्हा डी.एड. होऊन घरी बसले होते. माय शाळेत खिचडी शिजवायला जायची, बाबांपाशी मी असायची.

त्या उन्हाळ्यात काम झालं. रस्ता सिमेंटचा झाला, आणखी वर आला. आता घरात उतरायला गुडघाभर उंचीच्या दोन पायऱ्या होत्या. नदीच्या कडेनं भिंत उभी राहिली, खाली दगडी, वर सिमेंटच्या ठोकळ्यांची, छातीइतकी उंच. नाल्याचं पाणी जायला खालून मोठाले पाइप, त्यांच्या तोंडाला लोखंडी झाकणं. नदी चढली की झाकणं आपोआप लागतात, नदी आत येत नाही, असं सांगितलं होतं. आणि ते खरं निघालं. झाकणं बरोबर लागली. बाबांना चाकाच्या खुर्चीत बसवून मी आणि सलीमभाईंनी वर नेलं होतं. डाव्या हाताचा पंजा त्यांनी भिंतीवर ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. "हाव," म्हणाले. त्या दिवशी अर्थ शोधावा लागला नाही.

मग तो हस्त आला. पाऊस असा की थांबला तरी कानात पडत राहायचा. सोयाबीन रानात, शेषराव काका दारात, ओळीतल्या चुलींचा धूर घराबाहेर न जाता आतच कोंडलेला. दसरा जवळ आलेला म्हणून मायनं विहारात नेसून जायचं पांढरं लुगडं धुऊन, इस्त्री करून ट्रंकेत ठेवलेलं. दिवसा दिवे लावावे लागत होते. त्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि मोरीतून पाणी उलटं यायला लागलं.

आधी आम्ही हसलो. मायनं फरशी पुसायचं फडकं मोरीत कोंबलं. मग मागच्या दारातून आलं, काळं, बाजाराच्या वासाचं, त्याच्यात कोथिंबिरीच्या काड्या आणि चपला. नाला तुंबला होता. नदी चढली होती, झाकणं लागून गाळात जाम झाली होती, आणि गावभरचं पाणी आमच्या ओळीत येऊन थांबत होतं. बाहेर जायला रस्ता आडवा, रस्त्याच्या पलीकडं भिंत. भांड्यात पाणी भरावं तशी ओळ भरत गेली. गुडघा झाला, मांडी झाली. बाबांच्या लोखंडी खाटेखाली विटा घातल्या. विटा बुडाल्या. शेषराव काका आणि सलीमभाई धावत आले. चौघांनी खाट उचलून बाहेर काढायचं ठरलं. मागच्या नाल्याची ओढ दारातूनच जात होती. उंबऱ्याशी सलीमभाईंचा पाय घसरला, खाट एका बाजूला कलली आणि बाबांचं डोकं पाण्याखाली गेलं. क्षणभरच. मायनं केसांना धरून वर काढलं. खोकताना त्यांचा अर्धा चेहरा नुसता पाहत होता.

परत आत आणलं. गोदरेजचं जुनं कपाट आडवं पाडलं, त्याच्यावर खाट चढवली. टिनाचं छप्पर बाबांच्या नाकाशी आलं. खाट तरंगू नये, कलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी धरून उभं राहायचं. पाणी माझ्या छातीपर्यंत होतं.

सलीमभाई बाहेर जाऊन रस्त्यावर चढून आले. त्यांचा आवाज फाटला होता. "भाभी, भिंतीच्या पल्याड पानी कम हाये. नदी अजून सडकीच्या खाली हाये. आपल्या इकडंच वर झालं."

मायनं विचारलं, "म्हंजे भिंत फोडली तं हे पाणी तिकडं जाईन?"

"जाईन ना. आत्ता जाईन."

शेषराव काका दारात उभे होते. ते म्हणाले, "आत्ता जाईन, पण वरतून धरणाचं सोडलं म्हणतात. नदी चढून राह्यली वैनी. आपण फोडली आन घंट्याभरानं नदीच आत आली तं? मंग सारी ओळ जाईन. अडवाले काई नाई राह्यणार."

"आन नाई फोडली तं?"

काकांनी दाराची चौकट धरली. मग हळू म्हणाले, "हे भिंत दादानं आणली वैनी. मी कशी फोडू?"

टिनावर पाऊस इतका वाजत होता की शेजारच्या घरातली पोरं रडताना फक्त त्यांची तोंडं दिसत होती, खिडकीच्या गजांना चिकटलेली. माय बाबांच्या जवळ गेली. हनुवटीला पाणी लागत होतं तिच्या. ती म्हणाली, "आयकता का? भिंत फोडू?"

बाबांनी तिच्याकडं पाहिलं. "हाव," म्हणाले.

ते हो होतं की नको, हे मला आजही ठाऊक नाही. मी त्यांच्या डोक्याशी होते, मला डोळे दिसत नव्हते. मायला दिसले. तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"खाट सोडू नको," एवढं मला म्हणाली आणि गेली. शेषराव काकांच्या घरी लाकडं फोडायचा घण होता. पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. पावसाच्या आवाजाच्या आतून एक बोथट ठोका. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. एकट्या बाईचे ठोके वेगळे ऐकू येतात, त्यांच्यात दम घेणं असतं. नंतर दुसरा आवाज मिसळला, सब्बलीचा, म्हणजे पहारीचा. सलीमभाई असतील. आणि मग तिसरा, भारी, एका लयीतला. मी खाट धरूनच ओरडले, "बाबा, काकापण गेले!" ते खोकत होते. मी त्यांच्या कपाळाला कपाळ लावून उभी राहिले. मरण म्हणजे काय हे मला तेव्हा मुळीच उदात्त वाटलं नाही. ते काळं होतं, कोमट होतं, आणि त्यात कोथिंबिरीच्या काड्या होत्या.

एक धडधडाट झाला. आणि घराच्या भिंतीवरच्या रंगाचा एक ओला पट्टा दिसायला लागला. पाणी छातीवरून पोटावर आलं, पोटावरून मांडीवर. रस्त्याच्या पातळीपर्यंत उतरलं आणि थांबलं. तेवढं पुरे होतं. ओळीतले सगळे पुरुष आले, बाबांना, म्हाताऱ्यांना, लेकरांना उचलून टेकडावरच्या शाळेत नेलं. मायच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती. शाळेत तिच्याच खिचडीच्या पातेल्यात कोणीतरी चहा उकळत होतं.

आम्ही शाळेच्या ओट्यावरून खाली पाहत होतो, तेव्हाच नदी वर आली. अंधार पडायच्या आत. फोडलेल्या खिंडारातून ती आत शिरली आणि ओळीतली मातीची घरं बसली. लोक तेव्हापासून दोन गोष्टी सांगतात. भिंत फोडली म्हणून माणसं वाचली. भिंत फोडली म्हणून घरं गेली. दोन्ही खऱ्या आहेत. शेषराव काका त्या ओट्यावर मायपासून दूर बसले होते. त्यांचं घर बसताना त्यांनी टॉवेल तोंडाशी धरला. पलीकडच्या तीरावरची त्यांची सुडीसुद्धा त्याच नदीनं नेली.

बाबांच्या छातीत पाणी गेलं होतं. ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं मनापासून केलं, पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते गेले. ट्रंकेतलं पांढरं लुगडं चिखलानं तपकिरी झालं होतं, मायनं ते तीन वेळा धुतलं आणि तेच नेसली. बाबांना त्याच रस्त्यानं नेलं, कारण दुसरा रस्ता नाही. पाणी ओसरल्यावर सिमेंटचा रस्ता पुन्हा लख्ख झाला होता, धुतल्यासारखा. घरं तेवढी चिखलानं भरलेली. खिंडारात वाळूची पोती रचलेली होती. तिथून जाताना खांदेकऱ्यांची पावलं जरा मंदावली. मायनं मान वळवली नाही.

पुढं सरकारी मालमत्ता फोडल्याचा खटला झाला. माय, शेषराव काका आणि सलीमभाई, तिघांवर. तारखा पडत राहिल्या. मला नोकरी लागली, मी रजा काढून यायची. वकील भला माणूस होता. त्यानं समजावलं, "गर्दी होती, कोणी फोडली माहीत नाही, एवढंच म्हणायचं." काका आणि सलीमभाई तसंच म्हणाले. मायची पाळी आली. न्यायाधीशांनी विचारलं, "भिंत तुम्ही फोडली?"

"फोडली साहेब. घण माह्या हातात होता."

वकिलानं कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, "तुमच्याबरोबर कोण होतं?"

"पाणी होतं," माय म्हणाली.

तिला कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा झाली. म्हणजे संध्याकाळी कामकाज संपेपर्यंत तिथंच बसून राहायचं. ती मागच्या बाकावर बसली, पदर नीट करून, हात मांडीवर ठेवून. दुसऱ्यांचे खटले चालू होते, बांधाचे, फारकतीचे. ती सगळं लक्ष देऊन ऐकत होती. मी बाहेर आले तर लिंबाच्या झाडाखाली शेषराव काका आणि सलीमभाई बसले होते. सुटले होते, तरी घरी गेले नव्हते. "वैनीचं कोर्ट उठलं की जाऊ," काका म्हणाले. संध्याकाळी माय बाहेर आली, तेव्हा सलीमभाईंनी चहाचा कप पुढं केला. ती म्हणाली, "अठीच बसले होते काय दिवसभर? येडे हाये का तुमी?" आणि मग ती पहिल्यांदा रडली, चहा हातात धरून, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा.

त्यानंतर भिंत पुन्हा बांधली गेली, आता पूर्ण सिमेंटची. घण चालणार नाही अशी. रस्त्यावर आणखी एक थर आला. दिवे आले, बाकडी आली, सकाळ-संध्याकाळ फिरणारे लोक आले. शेषराव काका शेतात कोठा बांधून राहायला गेले. सलीमभाई धामणगाव बढ्याला लेकीकडे गेले. माय गेली नाही. तिनं ट्रॉल्या बोलावल्या आणि घरात मुरूम भरून घेतला, फरशीपासून रस्त्याच्या उंचीपर्यंत. खिडक्या अर्ध्या बुडाल्या. छप्पर तेवढंच राहिलं, ते उचलायचं बाकी आहे. आता पायऱ्या नाहीत, रस्त्यावरून सरळ आत जाता येतं. पण आत गेल्यावर मला उभं राहता येत नाही. माय ठेंगणी, तिचे केस तेवढे टिनाला लागतात. ती म्हणते, "झोपाले कोठी उंची लागते?" दिवाळीत मी तिथं वाकून वावरते आणि सुट्टी संपली की माझी कंबर आठवडाभर दुखते.

रविवारी मी उतरले तेव्हा दुपार झाली होती. पाऊस भुरभुरत होता. स्टँडवरून अक्षरशः पळत सुटले. घराला बाहेरून कडी होती. फोन आत वाजत होता, कारण मीच लावत होते. विहार बंद. घाटावर कोणी नाही. मी भिंतीकडं वळले.

माय भिंतीशी बाकड्यावर बसली होती. अंगावर खताच्या पोत्याची खोळ, मांडीवर कपड्यांचं बोचकं. फिरायला आलेली दोन माणसं छत्री धरून तिच्या पुढून गेली. तिला त्यांनी भिकारीण समजलं असावं.

"माय, कायले बसली अठी? सकाळपासून फोन लावून राह्यली मी!"

"घरात बसून दिसत नाई व."

"काय दिसत नाई?"

तिनं एकदा भिंतीपलीकडं हनुवटी केली, एकदा ओळीकडं. "किती हाये ते. दोन्हीकडचं."

हस्त लागल्यापासून रोज ती इथंच बसते, उजेड आहे तोवर. मला फोनवर सांगायची ते इथून पाहिलेलं असायचं; आज तेवढा फोन घरात विसरला होता. मी तिच्या शेजारी बसले. तिचे हात गार होते, तळव्यांवरच्या जुन्या खुणा पांढऱ्या पडलेल्या. मी म्हटलं, "चाल माह्यासंग. कायमची. तठी नदी दूर हाये."

ती हसली नाही, रागावलीही नाही.

"हे बी दूर होती बाई," ती म्हणाली, "तुह्या आज्याच्या वक्ताले."

मग ती उठली, बोचकं मला धरायला दिलं, बाकड्यावर चढली आणि दोन्ही हात टेकवून भिंतीवरून खाली वाकून पाहू लागली. मी तिचा पदर घट्ट धरून उभी राहिले.